सेल उन्हात का ठेवायचे?

ट्रान्झिस्टर खरखरायला लागला की सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे, ही रीत एकेकाळी मराठवाड्यात घरोघरी होती. आमच्या अब्बांचा तर तो नेमच. सकाळच्या बातम्या झाल्या की सेल उन्हात, संध्याकाळी पुन्हा रेडिओत. थोडा वेळ आवाज खणखणीत यायचा, मग पुन्हा खरखर. उन्हाने सेलात वीज भरते, असं सगळे म्हणत.

ट्रान्झिस्टर मागे पडले, पण सेलावरची बॅटरी अजून पुष्कळ हातांत आहे. शेतीपंपाची वीज रात्री आली की बीड जिल्ह्यातला शेतकरी बॅटरी घेऊनच उसाला पाणी द्यायला निघतो. साप आहे की काडी, हे दाखवणारा तेवढाच उजेड असतो. तेव्हा सेलच्या पोटात काय चालतं, हे ठाऊक असलेलं बरं.

साधा सेल म्हणजे जस्ताची डबी. मधोमध कार्बनची कांडी, जी काढून आम्ही पोरं फरशीवर रेघोट्या मारायचो. कांडीभोवतीची काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. भुकटी आणि जस्त यांच्यामध्ये ओलसर लगदा. पूर्वी तो नवसागराचा असे, हल्ली बहुधा झिंक क्लोराइडचा. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो तोच. १८६६ साली लक्लांशे या फ्रेंच माणसाने हा सेल काढला, तेव्हा त्यात चक्क पातळ द्रावण होतं. आजच्या सेलला ‘कोरडा’ म्हणतात, पण पुरता कोरडा झाला तर तो चालणारच नाही.

जस्ताचा स्वभाव देण्याचा. त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून लगद्यात विरघळतो. काळी भुकटी घेणारी. पण लगद्यातून इलेक्ट्रॉनला वाट नाही. त्याला बाहेरून, तारेतून आणि दिव्यातून, वळसा घालून जावं लागतं. त्या वळशात आपला दिवा लागतो. आत लगद्यातले विद्युतभारित कण इकडून तिकडे सरकून हिशेब जुळवत राहतात.

कोण किती देणारा, याचंही माप आहे. पाटोद्याकडचं बालाघाटाचं पठार उंच, गेवराईकडचं गोदाकाठ सखल. पण उंची सांगायची तर समुद्रसपाटी धरावी लागते. इथे तो मान हायड्रोजनला दिलाय. त्याचं माप शून्य. त्या हिशेबात जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, कथील उणे ०.१४, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. जितका उणे, तितका देणारा. जस्त आणि तांबं आपापल्या क्षारांच्या द्रावणात ठेवून जोडले, तर मधला फरक १.१० व्होल्ट. डॅनियलने १८३६ साली असाच सेल बनवला होता. आपल्या सेलात जस्त आणि काळी भुकटी यांच्यातला फरक साधारण दीड व्होल्टचा. म्हणून पेन्सिल सेलही दीड व्होल्टचा आणि जाडजूड सेलही. मोठ्यात माल जास्त, तो जास्त दिवस पुरतो, एवढंच.

याच मापाने घरातलं आणखी एक कोडं सुटतं. जस्ती बादलीला ओरखडा पडला तरी तिथे लवकर गंज चढत नाही. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलाचा मुलामा दिलेला डबा मात्र खरवडला की तिथेच झपाट्याने गंजतो, कारण तिथे लोखंडच जास्त देणारं ठरतं.

आता ते ऊन. सेल वापरात असताना कांडीच्या आसपास तयार झालेले पदार्थ साचतात आणि प्रवाहाला अडवतात. सेल नुसता पडून राहिला तरी ते थोडे पांगतात. उबेने लगद्यातली हालचाल वाढते आणि हे काम लवकर होतं. सेल थोडा वेळ तरतरीत होतो तो यामुळे. पण विरघळलेलं जस्त उन्हाने परत येत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसं असतं. तिथे बाहेरून उलटी वीज देऊन क्रिया मागे फिरवता येते, म्हणून ती चार्ज होते. साध्या सेलचं तसं नाही. तो चार्जरला लावू नये, चुलीजवळ तर मुळीच ठेवू नये. फुटण्याचं भय असतं.

जस्ताची डबी हीच सेलची भिंत आणि तेच त्याचं जळण. ती झिजून भोक पडलं की लगदा पाझरतो आणि बॅटरीची स्प्रिंग खातो. एक जुना, दोन नवे असे सेल घातले, तर जुना आधी संपतो आणि नवे त्याच्यातूनही प्रवाह रेटत राहतात. मग तो हमखास पाझरतो. तीन घालायचे तर तिन्ही नवे घालावेत, आणि हंगाम संपला की काढून ठेवावेत.