जुना निखळलेला खांदा

चिकूच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडणे, पावसात बांधावरून घसरणे, मोटारसायकलचा अपघात. डहाणू-तलासरीकडे खांदा निखळायला यातले एखादे निमित्त पुरते. मग कोणी तेल चोळते, कोणी हात ओढून पाहते. सूज उतरते आणि मजुरी बुडू नये म्हणून माणूस कामाला लागतो. हात मात्र डोक्यापर्यंत जात नाही.

असे का होते? खांद्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ वाटीत बसतो. वाटी उथळ आहे म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच हा सांधा सहज निखळतो. माथा बहुधा पुढे सरकतो. पहिल्या काही तासांत वेदनाशामक किंवा भूल देऊन डॉक्टर तो बहुतेक वेळा चिरफाड न करता जागेवर आणतात.

तीन आठवडे उलटले, की गोष्ट बदलते. रिकाम्या वाटीत चिवट ऊती भरतात, स्नायू आखडतात, वाटीच्या कडेवर टेकून माथ्याला खाच पडते, हाड ठिसूळ होते. अशा वेळी जोराने ओढले तर हाड मोडू शकते, काखेतली रक्तवाहिनीही फाटू शकते. म्हणून जुना खांदा कोणाकडे 'बसवायला' नेऊ नये.

त्यासाठी शस्त्रक्रिया आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅन पाहून सर्जन सांधा उघडतात, वाटी साफ करतात, आखडलेले भाग सैल करून माथा आत बसवतात. वाटीची कड झिजली असेल तर जवळच्याच हाडाचा तुकडा स्क्रूने तिथे बसवतात. ही रीत फ्रेंच सर्जन मिशेल लातार्जे यांनी १९५४ मध्ये मांडली. माथाच खराब झाला असेल तर कृत्रिम सांधा घालावा लागतो. वृद्ध माणसाला फारसे दुखत नसेल, तर केवळ व्यायामावरही भागते.

नंतर काही आठवडे हात झोळीत आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. हात पूर्वीइतका वर जाईलच असे नाही. पण दुखणे कमी होते, केस विंचरणे, पाणी भरणे जमू लागते.

तेव्हा मंडळी, खांदा निखळला तर ओढू नका. हात झोळीत बांधा आणि डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते त्याच दिवशी गाठा. हाताला बधिरपणा असेल तर आवर्जून सांगा. आणि घरात कोणाचा हात महिनोन्‌महिने वर जात नसेल, तर 'आता काय व्हायचे' म्हणून बसू नका. आधी एक्स-रे काढून घ्या.