चालण्याचे खेळ

मंडळी, आपल्या भाषेत 'खेळ' हा शब्द मोठा ऐसपैस आहे. हुतूतू हा खेळ आणि भातुकली हाही खेळच. डोंबारी दोरीवर चालतो तो खेळ, कळसूत्री बाहुल्या नाचतात तो खेळ, आणि तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये संध्याकाळी लागतो तोही 'सहाचा खेळ'. यांपैकी हुतूतूमध्ये हारजीत आहे, भातुकलीत ती नाही. खोटाखोटा भात शिजवून अमकी जिंकली असे कोणी म्हणत नाही, तरी भातुकलीला खेळ म्हणण्यास आजवर कोणाची हरकत आलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कारण आज ज्या वादाविषयी बोलायचे आहे तो इंग्रजीतल्या 'गेम' या शब्दावरून पेटला, आणि तो शब्द आपल्या खेळाइतका सैल नाही.

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पारावर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली पोरे. 'मार, मार, डावीकडे आहे बघ!' असा आरडाओरडा. 'पबजी'वर आपल्याकडे २०२० साली बंदी आली, २०२१ साली तिच्या जागी 'बीजीएमआय' आला. पण आरडाओरडा तोच. या खेळांत शत्रू असतो, हत्यार असते, गुण असतात, आणि चुकले की मरण असते. आता अशी कल्पना करा, की यातला शत्रू काढून टाकला, हत्यार काढले, गुण काढले, मरणही काढले. मागे काय उरेल? एक जागा उरेल आणि त्या जागेत चालणारे आपण उरू. बटण दाबले की पाऊल पुढे पडते, मान वळवली की पडद्यावरचे दृश्य वळते. वाटेत एखादे पत्र सापडते, भिंतीवर फोटो दिसतो, कोणाचा तरी आवाज कानी येतो. आणि हळूहळू तिथे काय घडून गेले ते उमगत जाते. बस्स, एवढाच खेळ.

या प्रकाराला 'वॉकिंग सिम्युलेटर' असे नाव पडले. विमान चालवण्याचा सराव देणारे यंत्र असते ना, त्याला सिम्युलेटर म्हणतात. तसे हे चालण्याचा सराव देणारे यंत्र! नावातच टवाळी आहे. चालायला काय शिकायचे आहे, असा त्यातला टोमणा. पण टोपणनाव चिकटले की सुटत नाही, आणि आज संगणकावर खेळ विकणाऱ्या दुकानांत याच नावाचा एक वेगळा खण आहे.

या प्रकाराचा ठळक प्रारंभ एका विद्यापीठात झाला. इंग्लंडमध्ये पोर्ट्‌समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक नावाचे संशोधक होते. बंदुकीच्या खेळातली बंदूकच काढून घेतली तर खेळणारा तिथे थांबेल काय, हा त्यांचा प्रश्न. २००८ साली त्यांनी 'हाफ-लाइफ टू' या गाजलेल्या मारधाडीच्या खेळाचा सांगाडा घेऊन त्यावर 'डिअर एस्थर' रचला. स्कॉटलंडच्या पश्चिमेचे एक ओसाड बेट. खडक, गवत, वारा. आपण बेटावर चालत जातो आणि एक पुरुष एस्थर नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचून दाखवतो. धावता येत नाही, उडी मारता येत नाही, काही उचलता येत नाही. २०१२ सालच्या फेब्रुवारीत हाच खेळ नव्याने सजवून विकायला आणला, तेव्हा पहिल्या एका दिवसात सोळा हजारांवर प्रती खपल्या. थट्टा करणारे आणि पैसे देणारे असे दोन्ही पक्ष एकाच दिवशी उभे राहिले म्हणा ना!

यात गती मंद का, हे समजून घेतले पाहिजे, कारण सर्वांत मोठी तक्रार तीच आहे. या खेळांत जमिनीवर न दिसणाऱ्या रेषा आखलेल्या असतात. रेषा ओलांडली की ठरलेला आवाज सुरू होतो. पुढची रेषा येण्याआधी तो आवाज पुरा व्हायला हवा. खेळणारा धावत सुटला तर एक वाक्य संपायच्या आत दुसरे सुरू होईल, आणि गोष्टीचा चिवडा होईल. म्हणजे चालण्याचा वेग हा इथे निवेदकाच्या बोलण्याचा वेग असतो. बैलगाडीत बसून आजीची गोष्ट ऐकावी तसे. शिवाय 'डिअर एस्थर'मध्ये कोणता तुकडा ऐकवायचा हे यंत्र काही ठिकाणी स्वतःच निवडते, त्यामुळे दोघांनी खेळून पाहिला तर दोघांच्या कानी अगदी तीच गोष्ट पडेल असे नाही.

पण मंदपणालाही माप हवेच. त्याच मंडळींनी २०१५ साली 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' हा खेळ काढला. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातले एक काल्पनिक खेडे, साल १९८४, आणि गावात माणूस नाही. मोठे सुंदर काम. २०१६ साली संगीत, ध्वनी आणि अभिनय यांसाठी त्याला ब्रिटनचे 'बाफ्टा' पुरस्कार मिळाले. खेळणारे मात्र वैतागले, कारण घराघरांतून गोगलगाईच्या गतीने फिरावे लागे. खेळ बाजारात आल्यावर कर्त्यांनी खुलासा केला की, अहो, वेग वाढवण्याचे बटण आहे, थोडा वेळ दाबून धरा! ते बटण आहे हे खेळात कोठेच सांगितलेले नव्हते. पुरस्कार आपल्या जागी, पण गाडीला ब्रेक कोठे आहे हे जसे सांगावे लागते तसे हेही सांगायला हवे होते.

खरा भडका उडाला तो २०१३ सालच्या ऑगस्टात, 'गॉन होम'वरून. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या 'फुलब्राइट' नावाच्या चिमुकल्या मंडळीचे हे काम. १९९५ सालच्या जूनमधली पावसाची रात्र. केटी नावाची मुलगी वर्षभर युरोप फिरून घरी येते. ती परदेशी असताना घरच्यांनी बिऱ्हाड बदललेले. म्हणून हे घर तिलाही नवे आणि खेळणाऱ्यालाही नवे. (ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. नायिकेला ठाऊक आणि आपल्याला अज्ञात असे काही उरतच नाही.) दाराला धाकट्या बहिणीची चिठ्ठी, आत कोणी नाही. मग आपण दिवे लावत, कपाटे उघडत फिरायचे. वडिलांच्या न खपलेल्या कादंबऱ्यांची खोकी सापडतात, आईची कागदपत्रे सापडतात, आणि धाकटीच्या वहीतल्या नोंदी तिच्याच आवाजात ऐकू येतात. तिचे एका मैत्रिणीवर प्रेम जडलेले आहे, आणि घरात ते कोणाला पचत नाही. वीज कडाडते, फळ्या कुरकुरतात. सवयीने खेळणाऱ्याला वाटते, आता भूत निघणार. भूत काही निघत नाही. शेवट मी सांगत नाही, ज्याचा त्याने पाहावा.

समीक्षकांनी याला डोक्यावर घेतले. 'पॉलिगॉन' या अमेरिकी संकेतस्थळाने तर दहांपैकी दहा गुण दिले. पैसे मोजून घेणाऱ्यांपैकी अनेकांनी मात्र कपाळाला हात लावला. त्यांचे म्हणणे धुडकावण्यासारखे नाही. एक तर पैशाचा हिशेब: वीस डॉलर आणि करमणूक दोन तासांची. तेवढ्याच पैशात दुसरा खेळ महिनाभर पुरतो. दुसरे म्हणजे कसबाचा हिशेब. ज्याने वर्षानुवर्षे बोटे घोटून हात तयार केला, त्याच्यापुढे नुसती दारे उघडण्याचे काम ठेवले तर त्याला फसल्यासारखे वाटणारच. मल्लाला आखाड्यात बोलवावे आणि हातात वर्तमानपत्र द्यावे, तसे झाले. हुतूतूच्या मैदानावर येऊन कोणी भातुकली मांडली तर मैदानावरचा गडी कुरकुर करील, आणि त्या कुरकुरीत काही गैर नाही.

गैर होते ते पुढचे. २०१४ सालच्या ऑगस्टपासून या वादाला निराळेच वळण लागले. नवे खेळ रचणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या स्त्रियांना धमक्या आल्या, काहींना घर सोडून राहावे लागले. 'गेमरगेट' या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. गेम कशाला म्हणावे, हा त्यात राहिलेला प्रश्न नव्हता. मैदान कोणाच्या मालकीचे, हा होता. खेळ आवडला नाही म्हणून खेळ मांडणाऱ्याच्या दारावर दगड मारणाऱ्याची बाजू ऐकून घ्यायचे काही कारण मला दिसत नाही.

पैशाच्या हिशेबाचे पर्यवसान मात्र वेगळ्याच जागी झाले. 'स्टीम' या मोठ्या दुकानाने २०१५ सालच्या जूनपासून असा नियम केला, की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर खेळ परत करून पैसे घ्यावे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने नियम रास्त. पण दीड तासात संपणारा खेळ पुरा खेळून, डोळे पुसून, परतही करता येतो! २०२१ साली 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा छोटा भयखेळ रचणाऱ्या 'एमिका गेम्स'ने याच कारणास्तव धंदा अनिश्चित काळ बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. लोक खेळाची तारीफ लिहीत आणि परतही करीत. खानावळीत ताट चाटूनपुसून 'जेवण झकास होते' म्हणावे आणि पैसे परत मागावे, त्यातला प्रकार.

आता विचारी माणसांचा आक्षेप पाहू. इयन बोगोस्ट हे अमेरिकेतले विद्वान, स्वतः खेळही रचतात. २०१७ साली त्यांनी 'अटलांटिक' मासिकात प्रश्न टाकला की, गोष्टच सांगायची तर पुस्तक आहे, सिनेमा आहे. मग खेळाने हा उद्योग कशासाठी करावा? प्रश्न चोख आहे. चालण्याने गोष्टीत भर काय पडते, हे दाखवता आले नाही तर हे खेळ फुकट, असे माझेही मत आहे.

दोन उदाहरणे देतो. बोगोस्ट ज्या खेळाबद्दल लिहीत होते तो 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच', साल २०१७. एका घराण्यातल्या माणसांच्या मृत्यूंच्या गोष्टी त्यात आहेत. एक तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. आपण उजव्या हाताने मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, डोके उडवायचे, पुढे सरकवायचा, पुन्हा दुसरा. त्याच वेळी डाव्या हाताने त्या तरुणाच्या मनोराज्यात चालायचे. आधी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असते, मग वाढत वाढत सगळा पडदा व्यापते. उजवा हात मासे कापतच राहतो, आणि थोड्या वेळाने आपल्या ध्यानात येते की, त्या हाताकडे आपले लक्षच नाही. यंत्रावर उभा राहणारा मजूर काय भोगतो हे पुस्तक सांगेल, सिनेमा दाखवील. इथे ते आपल्याच दोन हातांना कळते. त्या गोष्टीचा शेवट दुःखाचा आहे. २०१८ साली या खेळाला वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून 'बाफ्टा' मिळाले.

दुसरे उदाहरण खऱ्या घरातले. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकी दांपत्याचा मुलगा जोएल. एक वर्षाचा असताना त्याला कर्करोग झाला. २०१४ साली, पाचव्या वर्षी, तो गेला. तो हयात असतानाच आईबापांनी 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' रचायला घेतला होता. २०१६ च्या जानेवारीत तो बाहेर पडला. त्यात रुग्णालयातली एक रात्र आहे. मूल रडते आहे. बापाच्या जागी आपण आहोत. त्याला उचलावे, झुलवावे. काहीही करा, रडणे थांबत नाही. 'निवड नाही, जिंकणे नाही, मग हा खेळ कसला?' या आक्षेपाला याहून सडेतोड उत्तर माझ्या माहितीत नाही. इथे बटण दाबूनही काही होत नाही, हीच तर गोष्ट आहे. आणि व्यवहार पाहा: लाखो लोकांनी दुसऱ्याने खेळलेला हा खेळ यूट्यूबवर फुकट पाहिला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कर्त्यांनी लिहिले की, विक्रीतून एक डॉलरही अजून हाती आलेला नाही.

रेडिओच्या श्रोत्यांना 'फायरवॉच' आवडावा. २०१६ सालचाच. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या रानात, १९८९ सालच्या उन्हाळ्यात, वणव्यावर नजर ठेवणारा एकटा माणूस. सोबतीला हातातला बिनतारी संच आणि त्यावर दुसऱ्या मनोऱ्यातल्या बाईचा आवाज. ती विचारते, आपण उत्तर निवडायचे. वेळेत निवडले नाही तर ती त्या मौनालाच उत्तर समजते. नुसत्या आवाजावर माणसाचा जीव कसा जडतो, हे रेडिओवाल्यांना कोणी नव्याने सांगायला नको.

सगळेच असे उतरते असे मात्र नाही. कित्येक खेळांत सुंदर गवतातून आपल्याला उगाच हिंडवतात आणि कानाशी कोणी तरी दुःखी स्वरात बोलत राहते. पाय आणि गोष्ट यांचा एकमेकांशी संबंधच नाही. अशांनी चालणे तेवढे वगळावे आणि आवाजाची फीत एखाद्या नभोवाणी केंद्राकडे पाठवावी. निदान ऐकणाऱ्याला भाकरी थापता थापता ऐकता येईल.

हे सारे साता समुद्रांपलीकडचे आहे असेही समजू नका. आपल्या सरहद्दीला लागून, गुजरातेत वापीजवळ चला नावाचे गाव आहे. तिथे ध्रुव जानी यांचा 'स्टुडिओ ओलिओमिंगस' असेच छोटे, चालत वाचायचे खेळ रचतो. २०१८ सालच्या त्यांच्या एका खेळात आपण एका विचित्र संग्रहालयाच्या दालनांतून फिरतो, आणि मीर उमरहसन नावाच्या, कधीच नसलेल्या गुजराती लेखकाच्या गोष्टी वाचतो.

शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. कॅनडात टोरोंटोला पॉल दारवासी नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांनी बारावीच्या मुलांना एकदा 'गॉन होम'मधले ते घर पाठ्यपुस्तकासारखे वाचायला दिले. मुलांनी खोल्या धुंडाळायच्या, टिपणे काढायची, आणि घरातल्या माणसांविषयी जे म्हणायचे त्याला घरातलाच पुरावा दाखवायचा.

यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. वर्गातले एक टेबल पुरे. त्यावर आठ-दहा वस्तू मांडा: एसटीचे फाटके तिकीट, औषधाची अर्धी बाटली, लहान मुलाची एकच चप्पल, खतांच्या दुकानाची पावती, मनिऑर्डरची जुनी पोचपावती, काच तडकलेला चष्मा. मुलांना टेबलाभोवती एकेक करून फिरू द्या, घाई करू नका, बोलू देऊ नका. मग हे घर कोणाचे ते विचारा. कोणी सांगेल, घरात आजारी म्हातारा आहे. कोणी म्हणेल, थोरला मुंबईला आहे. प्रत्येक उत्तरावर एवढेच विचारा: कशावरून?