विटेची धूळ आणि गवंड्याची छाती

गावात एखादे घर उभे राहू लागले की पूर्वी छिन्नी-हातोड्याची टकटक कानी पडे. आता तिच्या जागी एक कर्कश किंकाळी ऐकू येते आणि मागोमाग तांबूस धुळीचा लोट रस्त्यापर्यंत येतो. गवंड्याने कटर हाती घेतला, हे शेजारीपाजारी त्यावरूनच ओळखतात. बेळगाव-खानापूरकडील आमच्या धर्मग्रामांत गवंडीकाम, फरशीकाम आणि नळ-विजेची जोडणी यांवर चालणारी घरे थोडी नाहीत. या यंत्राने बोट कापले तर सारा गाव धावतो. पण त्याच यंत्राची धूळ वर्षानुवर्षे छातीत साचत असता कोणी हूं की चूं करीत नाही, म्हणून हा लेख.

हे यंत्र तसे फार जुने नव्हे. १९५४ साली जर्मनीतील स्टाइनहाइम गावच्या आकरमान आणि श्मिट या कारखान्याने ते प्रथम तयार केले. मोटारीच्या आसाशी काटकोनात बसविलेली चकती, एवढीच त्याची मूळ कल्पना. जर्मन कामगार आजही त्यास ‘फ्लेक्स’ म्हणतात. आपल्याकडे सर्रास दिसणारी चार इंची चकती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरांहून अधिक भरतो. चोर्ला घाट उतरणारी बस त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही धावत नसेल.

विळी जशी भाजी चिरते तशी ही चकती वीट चिरीत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तिच्या कडेत हिऱ्याचे बारीक कण धातूमध्ये रुतविलेले असतात व ते विटेचा किंवा काँक्रीटचा कण न् कण दळून काढतात. म्हणजे जेवढी खाच पडली तेवढ्या सगळ्या जागेची पूड झाली. नऊ इंची वीट एकदा आडवी कापली की चहाचे तीन-चार चमचे भरतील एवढी पूड हवेत जाते. डोळ्यांस दिसणारी जाड धूळ खाली बसते, नाकात अडते, खाकरून बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि परत येत नाही.

वीट, वाळू, काँक्रीट या सर्वांत गारगोटीचा अंश असतो. त्यालाच शास्त्रज्ञ सिलिका म्हणतात. तिचे बारीक कण फुप्फुसात रुतले की तेथे व्रण धरून गाठी बनतात आणि मऊ फुप्फुस हळूहळू कठीण होत जाते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. प्रथम चढण चढताना दम लागतो, पुढे सपाटीवर लागतो, मग बसल्या जागी. झालेली इजा भरून काढणारे औषध अद्याप नाही. अशा छातीत क्षयही सहज शिरतो. आणि कित्येकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून महिनेन् महिने औषधे दिली जातात, गुण मात्र येत नाही. म्हणून गवंडीकाम करणाऱ्याने डॉक्टरांकडे जाताना खोकल्याबरोबर आपला धंदाही आवर्जून सांगावा.

ही माहिती काही आजची नव्हे. इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या छातीची हकीगत आहे. फार दूर जावयास नको. इंदूरकडील वाचकांस मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिली आठवतील. त्या कापणाऱ्या कामगारांत या रोगाने किती तरुण गेले, हे तिकडे सर्वश्रुत आहे. बडोद्याच्या वाचकांस खंभातचे अकीक घासणारे कारागीर ठाऊक असतील. तेथेही हीच धूळ, हाच दम. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगास कारण होते असे ठरविले. २०१६ साली अमेरिकेने कामगाराच्या आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा घातली ती घनमीटर हवेत ग्रॅमचा वीस हजारावा भाग, एवढीच आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने या रोगाची नोंद सक्तीची केली. पण गावातल्या परांचीवर कारखान्याचा निरीक्षक कशाला येतो!

उपाय मात्र स्वस्त आहे. तो म्हणजे पाणी. चांगला गवंडी वीट लावण्यापूर्वी ती भिजवितोच, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते. मग कापावयाच्या विटाही त्याच हौदातून काढून ओल्या असताना कापाव्यात. धूळ उडण्याऐवजी पुष्कळशी चिखल होऊन खाली पडते. खरे तर साध्या विटेचा अद्धा करावयास यंत्र लागतच नाही. थापीचा एक नेमका घाव पुरतो, आणि तो ज्याच्या हाती आहे त्या म्हाताऱ्या गवंड्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. काँक्रीट व फरशी यांची गोष्ट निराळी. तेथे पाण्याची नळी जोडण्याची सोय असलेलाच कटर घ्यावा. साध्या ग्राइंडरच्या मोटारीवर पाणी ओतणे म्हणजे विजेशी खेळ होय. ओले काम करताना विजेच्या फळीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा स्विच असलाच पाहिजे. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. एन-९५ जातीचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मास्क लागतो.

येथे घरमालकांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. ‘सणापूर्वी खोली झालीच पाहिजे’ अशी घाई करणारे आपणच असतो. मग गवंडी पाणी-मास्क बाजूला ठेवतो आणि त्याचा हाताखालचा पोर धुळीत उभा राहून वीट धरतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांच्या सणासाठी ठरविला, त्या दिवशी आपण श्रमाची थोरवी गातो. पाथरवटांचे आश्रयदाते म्हणून ख्रिस्तसभेने चार मुकुटधारी हुतात्म्यांस मान दिला. ८ नोव्हेंबर हा त्यांचा परंपरेचा दिवस आणि रोममध्ये त्यांच्या नावाचे प्राचीन चर्च आहे. पाचव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या जिवाची हयगयही येते, हे आपण धर्मशिक्षणात शिकलोच आहोत. मास्कचे पैसे मजुरीतून कापणारा मालक त्या आज्ञेचा कोणता अर्थ लावतो, हे आम्हांस कळत नाही.

चकतीचा धोका उघड असल्याने त्याविषयी थोडक्यात लिहितो. वरचे लोखंडी कवच काढून मोठी चकती बसविण्याची खोड पुष्कळांस असते. सात इंची चकतीवर साधारणतः ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती ११,००० फेऱ्यांच्या यंत्रावर चढविली तर फुटून तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. राळेच्या चकतीच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती पाहून घ्यावी. कापताना चकती खाचेत आवळली गेली की यंत्र उसळून मागे येते, म्हणून दोन्ही हातांनी धरावे आणि चकतीच्या सरळ रेषेत उभे राहू नये. एकदम खोल न जाता दोन-तीन वेळा थोडे थोडे कापावे. कठीण काँक्रीटवर हिऱ्याची चकती गुळगुळीत होऊन चालेनाशी झाली तर मऊ, रवाळ विटेत दोन-चार खाचा घ्याव्यात, तिला पुन्हा धार येते. आणि विजेच्या नळीसाठी भिंत कोरताना खांब वा तुळई यांना हात लावू नये. आतली सळी कापली गेली तर घराचा आधारच जातो.

संध्याकाळी काम संपल्यावर कोरडा झाडू फिरवू नये, नाहीतर खाली बसलेली धूळ सगळी पुन्हा उठते. प्रथम पाणी शिंपडावे, ओला गाळ फावड्याने उचलावा. अंगावरचे कपडे अंगणात झटकू नयेत. ते वेगळे भिजवावेत, हात-तोंड-केस धुवावेत आणि मगच लेकरांना उचलून घ्यावे.