‘इतिहास पहा’

वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाची घडी बसवली. पहिला खंड १९७६ साली निघाला. नोंदीखाली लेखकाचे नाव आणि नोंदीवर जाणत्या संपादकांची नजर. चूक निघाली तर कोणाला विचारायचे, हे वाचकाला ठाऊक असे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. इथे लेखाखाली नावच नाही. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे लिहिलेले खोडावे. मग भरवसा ठेवायचा तरी कशावर?

माझ्या मते लेखावर नव्हे, लेखाच्या माथ्यावरच्या ‘इतिहास पहा’ या दोन शब्दांवर. बहुतेक वाचक तिथे कधी फिरकत नाहीत. टिचकी मारली की त्या पानाचा जन्मापासूनचा जमाखर्च उघडतो: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यावरून काय बदलले. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडता येतात. कोणी खोडसाळपणा केला असेल तर आधीची आवृत्ती क्षणात परत आणता येते. शेजारच्या ‘चर्चा’ पानावर संपादकांची भांडणेही जशीच्या तशी सापडतात. छापील कोशाच्या कचेरीतही असे वाद झालेच असणार. आपल्याला ते दिसत नाहीत, एवढेच.

‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने २००५ साली विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. सरासरीने इंग्रजी विकिपीडियाच्या नोंदीत चार चुका, ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन. ब्रिटानिकाने या तपासणीलाच हरकत घेतली. पण त्याच वर्षी अमेरिकी पत्रकार जॉन सायगेनथेलर यांच्या पानावर कोणी तरी मजेखातर, केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे घुसडले. ते धादांत खोटे चार महिने तसेच राहिले. इतिहासाच्या पानावर तो बदल नोंदलेला होता. तो बघायला कोणी गेले नाही.

मराठीची खरी अडचण हीच. इंग्रजीतल्या गाजत्या पानावर हजारो डोळे असतात, आपल्याकडे राबणारे हात मोजके. एका ओळीत आटोपलेली पाने पुष्कळ, काहींच्या मराठीला तर यंत्राच्या भाषांतराचा वास येतो. संदर्भाचा आकडा नसलेले वाक्य मी ऐकीव समजतो, मग ते कितीही ठासून लिहिलेले असो. आणि संदर्भ असला तरी मूळ उघडून पाहतो. जुन्या, पक्क्या विषयांसाठी मी आजही आधी विश्वकोशाकडे वळतो. तो आता संगणकावर फुकट वाचता येतो. पण प्लूटोचे ग्रहपद २००६ साली गेले, तशा गोष्टींत छापील खंड काय करणार?

तुमच्या गावाचे पान एकदा उघडून बघा. चूक दिसली तर ‘संपादन’ शेजारीच आहे. दुरुस्त करा, आणि खाली संदर्भ द्यायला विसरू नका.