हात मोकळे, लक्ष गुंतलेले

गाडी चालवताना मोबाइल हातात धरू नये, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आपण तोडगेही शोधून काढले आहेत. मोटारसायकलवाला फोन हेल्मेटच्या आत कानाशी खोचतो, कारवाला ब्लूटूथवर बोलतो, नवी गाडी घेणारा तिचा मोठा टचस्क्रीन शेजाऱ्याला कौतुकाने दाखवतो. हात मोकळे राहिले की धोका टळला, असा या सगळ्यामागचा समज आहे. गेली काही वर्षे या विषयावरचे सरकारी अहवाल आणि परदेशातले प्रयोग मी मिळतील तसे वाचत आलो आहे. त्यांच्यापुढे हा समज टिकत नाही.

आधी आपल्याकडचे आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसे दगावली. त्यांत मोबाइलच्या वापरामुळे गेलेली माणसे 3,395, म्हणजे शंभरात दोन. अतिवेगाच्या खात्यावर मात्र शंभरातले 71 मृत्यू. फोन ही किरकोळ बाब आहे, असे यावरून कुणालाही वाटेल. पण नोंद कशी होते याचा विचार करा. दारू रक्ताच्या तपासणीत सापडते. फोन अपघातानंतर खिशात जातो, नाहीतर रस्त्याच्या कडेला फुटून पडतो. चालक बोलत होता हे पाहणारा कुणी नसेल आणि तो स्वतः सांगायला उरला नसेल, तर कागदावर भरधाव वेगच येणार. म्हणून 3,395 हा आकडा मी कमीत कमी समजतो.

ही अडचण टोरांटोच्या डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी 1997 साली मोठ्या हुशारीने सोडवली. ज्यांच्याकडे मोबाइल होता आणि ज्यांची गाडी धडकली होती, असे 699 चालक त्यांनी घेतले आणि त्यांची फोनची बिले तपासली. धडकेच्या आधीच्या काही मिनिटांत फोन चालू होता का, आणि त्याच माणसाचा आदल्या दिवशी त्याच वेळी होता का, एवढेच त्यांनी ताडून पाहिले. माणूस तोच, म्हणून स्वभाव आणि अनुभवाचा फरक आपोआप गळाला. फोनवर असताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला. हातात न धरता बोलायच्या फोननेही तो कमी झालेला दिसला नाही.

असे का व्हावे? अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी चालकांच्या नजरेचा माग काढला. फोनवर बोलणाऱ्याचे डोळे रस्त्याकडेच होते, पण ज्या पाट्यांवर नजर पडली होती, त्याही त्याला नंतर नीट ओळखता येईनात. डोळे पाहतात, मन मात्र बोलण्यात असते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे यापेक्षा वेगळे. पुढे अवघड वळण दिसले की तो आपणहून गप्प होतो, किंवा 'अरे, सांभाळ' म्हणतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसतच नाही.

आता हे आपल्या रस्त्यावर लावून पाहू. आमच्या उमरखेडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361 रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. त्याच रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाच्या गाड्या चालतात. समजा, कार ताशी 80 किलोमीटर वेगाने जात आहे आणि पुढची ट्रॉली ताशी 20 ने. दोघांतले 100 मीटरचे अंतर बरोबर सहा सेकंदांत संपते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी ट्रकचालकांवर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की संदेश टाइप करणाऱ्याची नजर सहांपैकी सरासरी 4.6 सेकंद रस्त्यावरून हटलेली असते. उरले 1.4 सेकंद. ब्रेकवर पाय जायलाच सेकंद-दीड सेकंद लागतो. संध्याकाळची वेळ आणि ट्रॉलीला मागे दिवा नाही, एवढी भर घातली की पुढचे गणित मांडायची गरज राहत नाही.

गाडीतल्या स्क्रीनचेही तसेच. 2022 साली वी बिलॅगारे या स्वीडिश मासिकाने 11 नव्या गाड्या आणि 2005 ची एक जुनी व्होल्वो घेऊन ताशी 110 किलोमीटर वेगाला चाचणी केली. रेडिओ लावणे, तापमान बदलणे अशी साधी कामे बटणांच्या जुन्या गाडीत 10 सेकंदांत उरकली, तर सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत 44 सेकंदांहून अधिक लागले. बटण बोटाला न पाहता सापडते, काचेवरचे चित्र पाहिल्याशिवाय सापडत नाही. युरोपातील यूरो एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने आता इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसाठी खरी बटणे असण्याला 2026 पासून आपल्या गुणांकनात स्थान दिले आहे.

आपला कायदा अजून हातापाशीच थांबला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातात धरलेला फोन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरले. पहिल्याच गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही. 2020 च्या नियमाने रस्ता पाहण्यापुरती सूट दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. मार्च 2025 मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण केले, म्हणून तो बडतर्फ झाला. ब्लूटूथवर गुंतलेले मन मात्र कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही.

म्हणून इलाज बराचसा आपल्याच हाती आहे. नकाशा आणि गाणी गाडी सुरू करण्यापूर्वी लावावीत. फोन आवाज बंद करून हात पोहोचणार नाही असा ठेवावा. घ्यावाच लागला तर गाडी रस्त्याखाली, सुरक्षित जागी उभी करावी. त्याहून मोठी जबाबदारी फोन करणाऱ्याची आहे. मुलगा निघाला की आई 'कुठवर आलास?' म्हणून फोन लावते, मालक ड्रायव्हरला दर अर्ध्या तासाला विचारतो. या फोनांमागे काळजी असते, आणि त्यांनीच धोका वाढतो. यंदा दिवाळीला माणसे गावी येतील, तेव्हा पलीकडून गाडीचा आवाज आला की एवढेच म्हणावे: पोचल्यावर कर, आता ठेवतो.