पेल्सार्टची वही आणि आमचा ‘रामदास’

पर्थला मुलीकडे गेलो असताना एके दिवशी आगगाडीने फ्रीमँटल गाठलं. गाडीचा प्रवास अर्ध्या तासाचा. बंदरालगत कैद्यांच्या श्रमातून उभी राहिलेली एक दगडी वखार आहे, १८५० च्या दशकातली. तिच्यात आता बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे. जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही रेवसकडचे, तुम्हाला आवडेल.” खरं सांगायचं तर मला भीतीच वाटत होती.

आत एका मोठ्या दालनात ‘बटाव्हिया’ उभं आहे. उभं म्हणजे काय, तर मागच्या बाजूचा एक भाग. ओकच्या फळ्यांचे दोन थर आणि बाहेरून पाइनच्या पातळ फळ्या. लाकूड पोखरणाऱ्या किडीने आधी त्या खाव्यात म्हणून. आमच्याकडे होडीच्या बुडाला तेल-चुना फासत, तोही याच किडीपायी. जवळ गेलो तर लाकूड कोळशासारखं काळं.

डच कंपनीचं हे जहाज ४ जून १६२९ च्या पहाटे ॲब्रोलोस बेटांच्या खडकावर चढलं. प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट. हा गृहस्थ आपल्याला अगदीच परका नव्हे. १६२० ते १६२७ तो आग्र्याला कंपनीचा व्यापारी होता. जहांगीरच्या काळातल्या हिंदुस्थानाबद्दल त्याने लिहिलेला अहवाल इतिहासाचे अभ्यासक आजही चाळतात. मुघल दरबारात खपवायची चांदीची भांडीही या जहाजावर होती. पेल्सार्ट लहान होडीतून मदत आणायला जावा बेटाकडे गेला आणि मागे राहिलेल्यांतल्या एका टोळीने शंभरावर माणसं मारली. बायका, मुलंसुद्धा. परतल्यावर पेल्सार्टने टोळीवर खटला चालवला, म्होरक्यांना फाशी दिलं आणि कोणी कोणाला, कुठे मारलं हे वहीत टिपून ठेवलं.

त्या वहीमुळे पावणेचारशे वर्षांहून जुन्या मेलेल्यांची नावं आज सांगता येतात. मी तिथल्या बाकावर बसलो तो बसूनच राहिलो.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकापाशी उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. दिव्याची अवस होती, माणसं सणाला घरी निघाली होती. त्यांत माझ्या आजीचा धाकटा भाऊ होता, परळच्या गिरणीतला. त्याचं प्रेत मिळालं नाही. त्या दिवशी घरोघर दिवे उजळायचे. आजी मात्र एक दिवा परसदारी नेऊन ठेवी आणि कुणाशी बोलत नसे. आम्हा पोरांना वाटे, तिचा काही नवस असेल.

त्याचं नाव मी कुठे छापलेलं पाहिलेलं नाही. खरं म्हणजे ते मी कधी विचारलंही नव्हतं. घरात सगळे ‘रामदासवाला मामा’ म्हणत, तेवढं पुरत होतं.

मुंबईला परतल्यावर आधी आत्याकडे गेलो. आता ती नव्वदीला टेकली आहे. वही-पेन काढून बसलो तेव्हा हसली. नाव तिने लगेच सांगितलं, गिरणीतलं खातंही सांगितलं. वय विचारलं तेव्हा बराच वेळ बोटं मोजत राहिली. म्हणाली, “लग्न ठरलं होतं त्याचं. त्यावरून काढ.”