ज्याचे जळते त्याला कळते

कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी अलीकडे 'इनोव्हेशन' आणि 'डिझाइन थिंकिंग' हे शब्द वरचेवर येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, ही चित्रकलेची नाहीतर कॉम्प्युटरची भानगड असेल. तसे नाही. लोकांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐकायची, तिचे नेमके कारण शोधायचे, चार-पाच उपाय सुचवायचे, त्यातला एक स्वस्तात, पुठ्ठ्याचा का होईना, करून पाहायचा आणि ज्याच्यासाठी केला त्याच्याच हाती देऊन तपासायचा. फसला तर पुन्हा करायचा. एवढीच ही पद्धत आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठामुळे तिचे नाव गाजले. पण अशा विचाराची वाट जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक जॉन ड्युई यांनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' या ग्रंथात विचाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. जाणवलेली अडचण ही पहिली आणि प्रत्यक्ष पडताळा ही शेवटची. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकत होते. ड्युई आपले शिक्षक होते आणि त्यांचे आपल्यावर ऋण आहे, हे त्यांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात नमूद केले आहे. तथागतांनी तर आधी दुःख पाहा, मग त्याचे कारण शोधा, मग मार्गाला लागा, हाच क्रम शिकवला. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण विहारात ऐकतोच. म्हणून ही पद्धत आपल्याला परकी नाही.

आपल्या नाशिकमध्ये तिचा प्रयोग झाला आहे. २००३ च्या कुंभमेळ्यात इथे चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे दगावली. २०१५ चा मेळा जवळ आला तेव्हा मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत संशोधन करणारे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' हा उपक्रम झाला. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी उपाय शोधले. त्यात एका शाळकरी मुलाने पायाचा दाब ओळखणारी चटई केली. तिच्यावरून किती माणसे गेली ते लगेच कळते, म्हणजे गर्दी धोक्याच्या पुढे जाण्याआधी वाट बंद करता येते. त्या मेळ्यात तिचा वापरही झाला. कुंभमेळ्याशी आपले धार्मिक नाते नाही. पण माणूस चेंगरून मरू नये, ही करुणा आपलीही आहे.

आता आमचा प्रश्न. मेळा उठल्यावर घाट कोण झाडतो? मैला कोण उचलतो? त्या माणसाला कमरेत वाकावे लागू नये, त्याचे हात घाणीत जाऊ नयेत, यासाठी किती प्रकल्प झाले? जो प्रश्न विचारायला बसतो, त्याला स्वतःच्या घरातलीच अडचण आधी दिसते. ज्याच्या घरात झाडू नाही, त्याला झाडूचा दांडा आखूड आहे हे कसे कळणार?

काम करता येते, याचा दाखला केरळात आहे. हाताने मैला उपसण्याला बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे गटारात उतरून मरतच होती. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणांनी मॅनहोल साफ करणारे 'बँडिकूट' नावाचे यंत्र तयार केले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. पूर्वी गटारात उतरणाऱ्या कामगारांनाच ते चालवायला शिकवले. हे महत्त्वाचे आहे. यंत्र आले आणि कामगार घरी बसला, तर ती सुधारणा कोणाची?

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. वर्षअखेरीस बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणून देऊ नका. त्या पैशात मुलगा मार्क घेईल, विद्या नाही. त्यापेक्षा त्याला आपल्या कामावर न्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशिनवर बोटे कशी जातात, सिन्नरकडे बीड्या वळताना मावशीच्या मानेला काय होते, द्राक्षबागेत औषध फवारताना अंगावर काय उडते, हे त्याने बघावे, विचारावे, वहीत लिहावे. आईवडिलांच्या कामाची लाज वाटून जी मुले वर्गात गप्प बसतात, त्यांच्याजवळच खरे प्रश्न आहेत. ते ज्ञान पुस्तकात नाही आणि विकतही मिळत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही एक पथ्य पाळा. उपाय सुचला म्हणजे काम झाले असे समजू नका. ज्या मावशीसाठी वस्तू केली, तिने ती आठ दिवस वापरून 'बरी आहे' म्हटले पाहिजे. तिने नाक मुरडले तर चूक तिची नाही, वस्तूची आहे. शिवाय त्या वस्तूची किंमत तिच्या पगाराशी ताडून पाहा.

पैशावाचून अडते, हेही खरे. अनुसूचित जातीच्या तरुणांच्या नव्या कल्पनांना भांडवल मिळावे म्हणून केंद्र सरकारने २०२० साली 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' सुरू केले. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. तेव्हा अशा योजनांची चौकशी कॉलेजात आणि समाजकल्याण कार्यालयात करायला संकोच नको.

२ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराच्या दारी आपले आजे-पणजे माणूस म्हणून प्रवेश मागत उभे राहिले. आज प्रयोगशाळेचे दार आपल्या मुलांना उघडे आहे. आत जाताना घरचे दुःख दाराबाहेर ठेवून जाऊ नका. तेच तर तुमचे पहिले पुस्तक आहे.

जय भीम!